पैलवानाचं रक्त

३ मार्च

ताई,

नमस्कार घे, थोडा बाबांना दे, उरलेला सगळा आईला.

पत्राला उशीर झाला, कारण बोट उशिरा आली. इथं पीठ, भाजी, पत्रं, माणसं सगळं आठवड्याच्या बोटीने येतं. समुद्रात लोखंडी खांबांवर उभा केलेला कारखाना आहे आणि त्यात आम्ही एकशे दहा माणसं. चालायला म्हणशील तर शंभर पावलं. माझ्यासारख्याला, ज्याला तू लहानपणी ‘भटक्या’ नाव ठेवलंस, त्याला ही शंभर पावलं म्हणजे पिंजराच. रोज संध्याकाळी तीस फेऱ्या मारतो, लोक म्हणतात याचं डोकं फिरलंय.

माझं काम हात हलवायचं. वर केबिनमध्ये क्रेनवाला बसतो, त्याला खाली पेटी कुठं टेकते ते दिसत नाही. पेटी उचल, थांब, डावीकडं घे, हळू सोड, हे मी खालून खुणांनी सांगतो. मास्तर म्हणायचे ना, हा वर्गात नुसते हातवारे करतो? आता त्याचीच नोकरी आहे.

खोलीत आम्ही चौघं. माझ्या वरच्या बिछान्यावर पैलवान असतो. कुस्ती कधी खेळला नाही, पण तब्येत दारात मावत नाही. रविवारी प्रत्येकाला एक अंडं मिळतं, माझं मी त्याला देतो.

आता खरं विचारतो. आपल्या धाकट्या भिंगरीला मोठ्या दवाखान्यात नेणार होतात, त्याचं काय झालं? मी निघालो तेव्हा तिच्या पाठीवर निळे डाग होते. मी तिला नुसतं उचलून घेतलं होतं, त्याचे. सात वर्षांची पोर आणि अंगावर माझी पाची बोटं उठलेली. ते डोळ्यांपुढून जात नाही. फोन साहेबाच्या खोलीत आहे, रविवारी दोन मिनिटं मिळतात आणि मागे वीस जण कान टवकारून उभे असतात. तिथं काय बोलणार? तू लिही. काही लपवू नकोस.

तुझा भटक्या


१४ मार्च

भटक्या,

लपवत नाही, पण शांतपणे वाच. फेऱ्या मारत वाचू नकोस, पाण्यात पडशील.

इतकी वर्षं आपले डॉक्टर सांगत होते की भिंगरीचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतंय. रक्त थांबवणाऱ्या त्या बारीक टिकल्या, ज्या दीड लाख तरी हव्यात आणि तिच्या दहा हजारांवर कधी टिकल्या नाहीत. त्या औषधांनी तिचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, शाळेत पोरं ‘फुगा’ म्हणायला लागली, आणि उपयोग शून्य. वर शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, “पोरीला मारता का हो?” आईने दोन दिवस दार उघडं ठेवलं नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हाडातला मॅरो काढून तपासला. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तसंच तुला सांगते. प्लेटलेट हाडाच्या आत मोठ्या पेशींपासून बनतात. प्लेटलेट बनवा, असा निरोप यकृताकडून रक्तातून जातो. तो घ्यायला पेशीच्या अंगावर एक जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. भिंगरीची ती जागा जन्मापासून बिघडलेली आहे. निरोप दसपट येऊन पडलाय, घेणारं कोणी नाही. म्हणून त्या मोठ्या पेशी तिच्या हाडात जवळपास नाहीतच. आणि हे प्लेटलेटवर थांबत नाही. त्याच जागेवर सगळ्या रक्ताची मूळ बीजं जगतात, ती पण आता संपत चाललीत. एक दिवस मॅरो रिकामा होईल.

दोष आई आणि बाबा दोघांकडून आला, अर्धा अर्धा. अर्धा असलेल्याला काही होत नाही, दोन अर्धे एकत्र आले की हे होतं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांची माफी मागतायत, बघवत नाही.

इलाज एकच. दुसऱ्याचा मॅरो द्यायचा, आणि तो सख्ख्या भावाबहिणीचा पूर्ण जुळला तर सगळ्यात चांगलं. माझा जुळला नाही. बाबांनी समजूत घातली, पण मी शिलाई मशीनवर बसून पूर्ण दुपार रडले, गणवेशाच्या अठरा कॉलरी उलट्या शिवल्या.

राहिलास तू. सोबत दवाखान्याचं पत्र आहे. तुमच्या दवाखान्यात दाखव, दोन नळ्या रक्त द्यायचं, ते बोटीने इकडं पाठवतील. तुझं रक्त चांगलं आहे ना रे? मागे कावीळ झाली होती तुला. सगळ्यांचा जीव तुझ्यात अडकलाय. भिंगरी विचारते, दादाचं हाड मला दिलं तर दादा लंगडेल का?

तुझी ताई


२४ मार्च

ताई,

रक्त आजच्याच बोटीने गेलं. दोन नळ्या, वर माझं नाव, कार्डाचा नंबर, सगळं व्यवस्थित. काळजी करू नका. एकदम पहिल्या प्रतीचं रक्त आहे, नर्सबाईपण म्हणाल्या, असं रक्त रोज बघायला मिळत नाही. कावीळबिवीळ कधीच गेली.

तुझं पत्र मी जागेवर बसून वाचलं, शपथ. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा समजलं. ताई, हे माझ्या रोजच्या कामासारखंच आहे. समज, मी खालून जिवाच्या आकांताने हात हलवतोय, उचल, उचल, आणि वर केबिनमधल्या माणसाला दिसतच नाही. खालचे लोक म्हणतात, अजून जोरात हलव. जोराचा काय उपयोग? केबिनमधला माणूसच बदलायला पाहिजे. डॉक्टरीणबाई तेच करणार आहेत ना? मला पटलं.

भिंगरीला सांग, दादा लंगडणार नाही. आणि लंगडला तरी पळण्यात तिला हरवेल.

मला जरा झोप कमी लागतेय. पैलवान वरून ओरडतो, खाली कूस बदलतोस की कुस्ती खेळतोस? पूर्ण खाट हलते. बाकी ठीक.

तुझा भटक्या


१८ एप्रिल

भटक्या,

कुठून सुरुवात करू कळत नाही.

रिपोर्ट आला. मी, आई आणि बाबा घ्यायला गेलो होतो. खिडकीवरच्या मुलीने चार कागद शेजारी शेजारी ठेवले, बाबांचा, आईचा, माझा, तुझा. बराच वेळ बघत राहिली. मग अगदी साधेपणाने विचारलं, “मुलगा दत्तक आहे का?”

बाबा म्हणाले, “कोणाचा मुलगा?”

डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. त्या म्हणाल्या, रक्त जुळवताना बघतात त्या मुलाच्या खुणा निम्म्या आईच्या आणि निम्म्या बापाच्या असतात. तुझ्यात आईची एक खूण नाही की बाबांची नाही. एकही नाही. त्यांनी मला विचारलं, नमुना भावाचाच आहे ना, नक्की? मी म्हटलं, नर्ससमोर कार्ड बघून घेतलाय. माझा भाऊ उनाड आहे, पण बहिणीच्या जिवाशी खेळणारा नाही.

घरी आलो. आई चप्पल न काढता सरळ आत गेली, तुझा लहानपणचा फोटो काढून खिडकीशी घेऊन बसली. मग म्हणाली, “मला शुद्ध नव्हती. हा झाला तेव्हा मी चार तास शुद्धीत नव्हते. मला यांनी नंतर आणून दिला.”

आठवतं, आपण भांडलो की मी तुला म्हणायचे, तुला दवाखान्यातून बदलून आणलाय? जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

तू आमचाच आहेस. कागद काहीही म्हणो. पण भिंगरीला तुझा मॅरो चालणार नाही, एवढं खरं.

ताई


२६ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. आधी वाटलं चेष्टा करतेस.

असं कसं होईल? माझं नाक बाबांचं आहे, सगळे म्हणतात. कागद चुकत नाहीत का? तिकडं नळ्या अदलाबदल झाल्या असतील. एवढ्या मोठ्या दवाखान्यात रोज हजार नळ्या येत असतील. परत तपासायला सांग. जोर लावून सांग.

आई काय म्हणते? माझ्याविषयी काही म्हणते का?

काल पेटी खाली घेताना माझी खूण चुकली. ‘थांब’ म्हणायचं तिथं ‘सोड’ म्हणालो. कोणाला लागलं नाही. साहेब म्हणाले, लक्ष कुठं आहे? 

भिंगरी कशी आहे ते लिहीत जा आधी, बाकीचं नंतर.

भटक्या


४ मे

भटक्या,

परत तपासलं. नळीत उरलेलं रक्त होतं, तेच घेऊन दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या मशीनवर. तेच आलं. त्यांची चूक नाही.

भिंगरी बरी नाही. प्लेटलेट सहा हजार. हिरड्यांतून रक्त येतं, उशीला डाग पडतात म्हणून ती स्वतःच काळा टॉवेल घेऊन झोपते. आता पांढऱ्या पेशीही उतरल्यात, ताप येतो. आठवड्यातून दोनदा प्लेटलेट चढवतात, त्या दोन दिवस टिकतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबता येणार नाही. पंचवीस मेला बाबांचा अर्धा जुळणारा मॅरो द्यायचा. बाबांची साखर तुला माहीत आहे, पावाच्या भट्टीसमोर तीस वर्षं काढलेला माणूस. आणि अर्ध्या जुळणाऱ्यात धोका मोठा. नवीन रक्त तिच्याच अंगावर उलटू शकतं. बाईंनी हे सांगताना आमच्याकडं बघितलं नाही.

पण मला आईचं सांगायचं आहे. तू झालास त्या प्रसूतिगृहात आई गेली. जुनं रजिस्टर काढायला लावलं. तुझ्या दिवशी, तुझ्याच मजल्यावर, आणखी एक मुलगा झाला होता. आईने पत्ता शोधून काढला. तो टायरच्या दुकानात काम करतो, पंक्चर काढतो. आई तीन दिवस समोरच्या बाकावर जाऊन बसली. मला म्हणाली, “त्याचे हात बघ, अगदी ह्यांचे हात. बोटं आखूड.” मी म्हटलं, आई, अशी बोटं निम्म्या गावाची असतात. ती म्हणाली, “त्याचं रक्त जुळेल. माझा खरा मुलगा असेल तर जुळेल. मग भिंगरी वाचेल.”

काल ती त्याच्याशी बोलली. सगळं सांगितलं त्या परक्या पोराला. मला वाटलं हाकलून देईल. त्याने हात पुसले आणि विचारलं, “रक्त कुठं द्यायचं?”

तुला विचारायचं धाडस होत नाही, पण विचारते. तुला काही माहीत आहे का रे? तुझ्या गेल्या पत्रात तू एकदाही रागावला नाहीस. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

ताई


११ मे

ताई,

माहीत आहे.

ते रक्त माझं नाही. पैलवानाचं आहे.

आता सगळं लिहितो. नोकरी लागताना कावीळ नुकतीच होऊन गेली होती. एजंट म्हणाला, सुई टोचली की तू घरी. पैलवानाचं रक्त कधी नापास होत नाही. तो दुसऱ्याचं कार्ड घेऊन जातो, हेल्मेट आणि निळ्या कपड्यांत सगळे सारखेच दिसतात, नर्स महिन्याला बदलते. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आठ जण त्याच्या रक्तावर इथं नोकरी करतायत. मी त्यातला एक. बदल्यात आठ जणांची रविवारची अंडी त्याला.

माझ्या कार्डावर रक्तगट त्याचा आहे. मी माझं रक्त दिलं असतं तर नर्सने कार्ड बघून दुसऱ्या मिनिटाला पकडलं असतं. मी स्वतःला सांगितलं, बरंच झालं, भिंगरीला चांगलं रक्त जाऊ दे, माझं कावीळवालं कशाला? तू लिहिलं होतंस, रक्त चांगलं आहे ना? मला वाटलं, चांगलं आहे का तेवढंच बघणार. जुळणं म्हणजे काय ते मला तुझं दुसरं पत्र आल्यावर समजलं. पैलवानाला वाटलं नेहमीची तपासणी आहे, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

पण ताई, खोटं नको. अज्ञान अर्धंच होतं. अर्धी भीती होती. अठरा एप्रिलचं पत्र वाचलं तेव्हा पाच मिनिटांत सगळा उलगडा झाला. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी नळ्या बदलल्याचं दवाखान्यावर ढकललं. आई दुसरा मुलगा शोधत फिरते आहे आणि मी इथं शंभर पावलांत फेऱ्या मारतोय. मी बाबांचाच आहे. नाक खोटं बोलत नाही, मी बोललो.

बोटीने हे पत्र येईल. तोपर्यंत बाबांचा मॅरो घेऊ नका.

१४ मे. बोट आली नाही. समुद्र खवळलाय, म्हणतात अजून आठ दिवस येणार नाही. आठ दिवसांनी निघालेलं पत्र पंचवीसच्या आत पोचत नाही. मी आता साहेबाच्या खोलीत फोन करायला जातोय. आज रविवार नाही, म्हणजे आधी कारण सांगावं लागेल. पैलवानाला सांगितलं. तो म्हणाला, “जा. पण बाकीच्या सातांच्या पोटावर पाय देऊ नकोस.” मी कोणाचं नाव घेणार नाही. हे पत्र पूर्ण करून खिशात ठेवतोय, घाईत लिहिलंय, अक्षर समजून घे.


३० मे

भटक्या,

किनाऱ्यावरच्या लॉजच्या पत्त्यावर पाठवते आहे, नोकरीवरून काढल्यापासून तू तिथंच थांबलायस ना?

त्या दिवशी फोन मी घेतला. तू बोलत होतास, मागे कोणीतरी “कोणी दिलं रक्त? नाव सांग” ओरडत होतं, आणि तू तेच एक वाक्य परत परत म्हणत होतास, “ताई, रक्त माझं नव्हतं, बाबांना थांबव.” मी शिलाईच्या कारखान्यातून अनवाणी धावले. डॉक्टरीणबाईंनी तारीख पुढं ढकलली. मला मात्र त्या जे बोलल्या ते लिहीत नाही. तुझ्यासाठी मी हमी दिली होती ना.

आता ऐक. किनाऱ्यावर तू दिलेल्या रक्ताचा निकाल आला. पूर्ण जुळतं. सगळ्या खुणा. निम्म्या आईच्या, निम्म्या बाबांच्या.

तुझ्यातही तो दोष आहे, एक अर्धा. मला धडकीच भरली. पण बाई म्हणाल्या, उरलेला अर्धा निरोप व्यवस्थित घेतोय, याच्या प्लेटलेट दोन लाख आहेत, आम्हाला एवढं पुरतं. कावीळ रक्तात कुठंही शिल्लक नाही. ऐकलंस? कुठंही नाही. तू स्वतःचंच रक्त दिलं असतंस तरी पास झाला असतास.

बाबा म्हणाले, “येऊ दे, मग बघतो.” आईसमोर बेताने बोल. तुझ्या फोनच्या आदल्या दिवशीच त्या टायरवाल्याने रक्त दिलं होतं.

निघ. आणि वाटेत कोणाला सर्दी असेल तर त्याच्या शेजारी बसू नकोस.

ताई


२० जुलै

पैलवान,

तुझा पत्ता लिहिताना वाटलं, हे पत्र आधी साहेबच फोडतील, म्हणून कामाचं काही लिहीत नाही. तुम्ही सगळे तिथंच आहात हे बोटीवाल्याकडून कळलं.  बरं वाटलं.

सतरा जूनला माझ्या कमरेच्या हाडातून मॅरो काढला. मला झोपवलं होतं, जागा झालो तेव्हा गाढवाने लाथ मारल्यासारखं दुखत होतं. तो एका पिशवीत भरला, टोमॅटोच्या रसासारखा दिसतो, आणि साध्या सलाइनसारखा भिंगरीला चढवला. मला वाटलं होतं ऑपरेशन असेल, काही नाही. पेशींना म्हणे वाट माहीत असते, रक्तातून फिरून बरोबर हाडात जाऊन बसतात. त्याआधी औषधांनी तिचा जुना मॅरो सगळा मारला होता. केस गेले. काचेच्या खोलीत ठेवलंय, आम्ही बाहेरून बघतो.

मग काही नाही. दहा दिवस काही नाही. पंधरा दिवस. पांढऱ्या पेशी वर आल्या, प्लेटलेट मात्र बाहेरून चढवाव्या लागायच्या. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, त्या सगळ्यात उशिरा येतात. मी विचारलं, आल्याच नाहीत तर? त्या म्हणाल्या, विचारायचं नसतं ते विचारतोस. तिथं व्हरांडा चाळीस पावलांचा आहे. मी किती फेऱ्या मारल्या असतील तूच हिशेब कर.

आई माझ्याशी बोलायची नाही. शेजारी बसायची, पाणी द्यायची, कमरेवरची पट्टी बघायची. एकदाच बोलली. म्हणाली, “तो पोरगा मला आवडला होता.” मी मान खाली घातली.

परवा सकाळी नर्सने कागदावर आकडा लिहून काचेला लावला. एकवीस हजार. आईने विचारलं, बाहेरून दिलेल्या धरून? नर्स म्हणाली, सहा दिवसांत काही दिलेलं नाही, तिच्या स्वतःच्या आहेत. आईने परत विचारलं. परत. तिसऱ्यांदा नर्स हसली. काल चौतीस हजार. पाहिजेत दीड लाख, आणि बाई म्हणतात शंभर दिवस आम्ही कशालाही हो म्हणत नाही. बाबा खाली जिन्यात जाऊन उभे राहिले होते, मी गेलो तर म्हणाले, “डोळ्यांत पिठाचा कण गेलाय.” दीड महिना भट्टीवर गेले नाहीत, कसलं पीठ?

मग आई म्हणाली, “त्या पोराला कोणी कळवलं नाही अजून.”

मी म्हटलं, मी जातो.

टायरच्या दुकानात तो एकटाच होता. ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघत होता. माझ्याच वयाचा, माझ्याच दिवसाचा. मी कोण ते सांगितलं. रक्त माझं नव्हतं, मी फसवलं, त्यामुळे हे सगळं झालं, तेही सांगितलं. वाटलं, पाना फेकून मारेल. मारायलाच पाहिजे होता. त्याने ट्यूब बाहेर काढली, भोकावर बोट ठेवून तसाच उभा राहिला.

म्हणाला, “माझं जुळलं नाही एवढंच कळवलं होतं दवाखान्याने. मला वाटलं, बहीण असेल, पण जुळत नसेल. असं असतं म्हणे कधीकधी.”

मी म्हटलं, असतं. पण ती तुझी बहीण नाही.

“दोन महिने मी घरी आईकडं बघत होतो,” तो म्हणाला, “ही माझी आहे का म्हणून. तिला सांगितलं नाही काही.” मग विचारलं, “कितीवर आली?”

“चौतीस हजार.”

“आणि पाहिजे किती?”

“दीड लाख.”

त्याने मान हलवली. हात पुसले, पुसून झाल्यावर परत पुसले. म्हणाला, “मला एकदा बघता येईल का तिला? आत नको. काचेतूनच.”

रविवारी त्याला घेऊन जाणार आहे. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “किती वाजता?” आणि ताईकडं वळून म्हणाली, “ह्याला म्हणावं, वेळेवर जा. तो वाट बघत उभा राहील.”

तुझा
खालच्या बिछान्यावरचा